मागच्या चाकाचा हिशोब

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला जाणारी माणसे एकत्र आली की गप्पा लवकरच टायरवर येतात. कोणता लावला, कितीला पडला आणि मागच्याला किती किलोमीटर मिळाले? यातला ‘मागच्याला’ हा शब्द महत्त्वाचा. पुढच्या टायरची एवढी चौकशी सहसा कुणी करीत नाही. सामानाने लादलेल्या टूरिंग गाडीवर पुढचा एक टायर संपेपर्यंत मागचे दोन संपतात, असा बहुतेकांचा अनुभव आहे, माझाही तोच. त्यामुळे ‘जास्त टिकणारा मागचा टायर कोणता?’ हा प्रश्न दर हंगामात नव्याने विचारला जातो आणि उत्तरादाखल कंपन्यांची नावे सांगितली जातात.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि हौसेने मोटारसायकलस्वार. या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांच्या पत्रकांपेक्षा टायरच्या इतिहासात शोधावे असे वाटल्यामुळे गेली काही वर्षे त्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. टायरचे आयुष्य पावणेदोनशे वर्षांत कितीतरी वाढले, पण ते फुकट वाढले असे जवळजवळ कधीच झाले नाही. वाढलेल्या किलोमीटरची किंमत दर वेळी कुणीतरी, कशाने तरी मोजली. ती कुणी मोजली आणि आज आपण काय मोजतो, हे कळले की निवड थोडी सोपी होते.

मागचेच का झिजते?

आधी झिजेचे कारण पाहू. टायर रस्त्यावर निव्वळ लोळत जातो, असे वाटते. ते खरे नाही. इंजिनाचा जोर ज्या चाकाला मिळतो ते चाक रस्त्यावर किंचित घसरतच पुढे जाते. गाडी शंभर मीटर गेली, तर मागचे चाक शंभर मीटरांहून थोडे जास्त फिरलेले असते. ही घसरण डोळ्यांना दिसत नाही, पण रबराचे बारीक कण तिच्यामुळेच सुटतात. त्यात मागे बसलेला माणूस, दोन्ही बाजूंच्या पेट्या आणि वरची बॅग यांचा भार बव्हंशी मागच्याच चाकावर येतो.

रबराच्या झिजेचा शास्त्रशुद्ध अभ्यास इंग्लंडमध्ये शालामाख या शास्त्रज्ञाने १९५० आणि १९६० च्या दशकांत केला. घासलेल्या रबरावर उमटणाऱ्या आडव्या वळ्यांना आजही त्याचे नाव आहे. घसरणाऱ्या चाकाची झीज जोराच्या प्रमाणात वाढत नाही, तर साधारणपणे जोराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याच्या कामातून पुढे आले. जोर दुप्पट झाला तर झीज चौपट. हवेचा रोध स्वतःच वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे केवळ हवेच्या रोधापुरता हिशोब मांडला, तर ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटर वेगाने तेच अंतर कापताना झिजेचा हा भाग साडेतीन पटींच्या घरात जातो. प्रत्यक्षात चढ, वळणे, ब्रेक, रस्त्याचा खरखरीतपणा आणि उष्णता यांमुळे आकडा बदलतो; दिशा मात्र हीच राहते. महामार्गावर सरळ धावून टायर मधोमध सपाट होतो आणि कडांची नक्षी जवळजवळ नवी राहते, त्याचेही कारण हेच.

मागच्या चाकाचे हे ओझे मोटारसायकलच्या जन्मापासूनचे आहे. १८९४ मध्ये जर्मनीत विक्रीला आलेल्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांच्या गाडीत इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. चेन नाही, क्लच नाही. मागचे चाक हेच इंजिनाचे जडचक्र. सगळा धक्का तेच सोसत असे.

चामड्यापासून रबरापर्यंत

हवेच्या टायरचा शोध डनलॉपचा, असे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच्या चार दशके आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने त्याचे पेटंट घेतले होते. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वरून चामड्याचे आवरण, अशी त्याची ‘हवाई चाके’ घोडागाडीला लावून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये दाखवली गेली. त्यांचा एक संच १,२०० मैल चालल्याची नोंद आहे. हवेच्या टायरच्या आयुष्याचा कदाचित हा सर्वांत जुना आकडा असावा. आपल्या मापात तो १,९०० किलोमीटर होतो. पण मोटारी नव्हत्या, सायकली बाल्यावस्थेत होत्या. शोध विस्मृतीत गेला.

बेलफास्टमधील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने त्या टायरवर शर्यती जिंकल्या. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचा हक्क रद्द झाला, पण तोवर धंदा सुरू झाला होता. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी रिमवरून सहज काढता येणारा सायकलचा टायर आणला आणि पंक्चर काढणे हे कुणालाही जमेल असे काम झाले.

हे सगळे शक्य झाले ते चार्ल्स गुडइयरमुळे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते, थंडीत कडक होऊन तडकते. १८३९ मध्ये त्याला गंधक आणि उष्णता यांचा गुण सापडला. गंधकासह तापवलेल्या रबरातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि ते ताणले तरी पूर्वपदावर येते. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले, तरी १८६० मध्ये तो मरण पावला तेव्हा डोक्यावर मोठे कर्ज होते. त्याच्या नावाची कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्यांनीच काढली. तिचा त्याच्या घराण्याशी काही संबंध नाही.

रबर आले कुठून?

१८९० च्या दशकात युरोप आणि अमेरिकेत सायकलींचे वेड पसरले आणि रबराची मागणी भडकली. रबर तेव्हा जंगलातूनच येई. काँगोमध्ये ते वेलींतून मिळे आणि १८८५ पासून काँगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खासगी मालमत्ता होती. गावागावांवर रबराचा वाटा बसवला गेला. तो पुरा झाला नाही तर बायका-मुलांना ओलीस ठेवत, फटके मारत, गोळ्या घालत. झाडलेल्या गोळ्यांचा हिशोब म्हणून तोडलेले हात आणून दाखवत. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला; एडमंड मोरेलने लेखणी चालवून जनमत जागे केले आणि १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. या कारभारात मेलेल्यांचे अंदाज वेगवेगळे आहेत. पण ते लाखांत मोजावे लागतात. हवेच्या टायरच्या पहिल्या बहराची ही किंमत होती.

जंगली रबराला पर्याय मळ्यांनी दिला. हेन्री विकहॅमने १८७६ मध्ये ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतल्या थोड्याच रुजल्या, पण त्या रोपांपासून श्रीलंका आणि मलायातील मळे उभे राहिले. झाड न मारता रोज पातळ काप घेऊन चीक काढण्याची पद्धत सिंगापूरच्या हेन्री रिडलीने बसवली. केरळात १९०२ मध्ये पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे व्यापारी लागवड सुरू झाली. आज आपल्या टायरमध्ये जे नैसर्गिक रबर असते, त्याची वंशावळ त्या बियांपर्यंत जाते. मळ्यांवरची मजुरीही सुखाची नव्हती. पण रबर स्वस्त झाले आणि टायर सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला.

काजळीचे काम

त्या काळचे टायर काळे नसत. रबरात जस्ताचे भस्म मिसळलेले असे आणि टायर पांढुरके दिसत. १९०४ मध्ये लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील रबर कारखान्यात मोट नावाच्या रसायनतज्ज्ञाला आढळले, की रबरात काजळी मिसळली तर ते कमालीचे चिवट होते. ही विद्या अमेरिकेतील ॲक्रन शहरात पोहोचली आणि १९१० नंतर गुडरिचच्या कारखान्यात काजळीचे टायर बनू लागले. काजळी पुरवणाऱ्या बिनी आणि स्मिथ यांच्या कंपनीचे दुसरे उत्पादन म्हणजे मुलांचे क्रेयॉन खडू.

पणतीच्या ज्योतीवर वाटी उपडी धरून काजळ धरणे आपल्याला नवे नाही. कारखान्यात तेच मोठ्या प्रमाणावर होते: अपुऱ्या हवेत इंधन जाळायचे आणि साचलेली काजळी गोळा करायची. तिचे कण इतके सूक्ष्म असतात, की मूठभर काजळीचा एकूण पृष्ठभाग एखाद्या मैदानाएवढा भरतो. रबराच्या साखळ्या त्याला घट्ट धरतात, म्हणून घासताना कण सहज सुटत नाहीत. टायरचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. सुरुवातीला काजळी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालीत आणि बाजू पांढऱ्याच ठेवीत. पांढऱ्या पट्ट्याच्या टायरची ऐट तिथून आली. आज ही काजळी रायगड जिल्ह्यातील पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीतही बनते.

तरीही १९१० च्या दशकात टायरवर भरवसा नव्हता. १९१५ मध्ये एफी हॉचकिस ही न्यू यॉर्कची तरुणी आईला साइडकारमध्ये बसवून हार्ले-डेव्हिडसनवरून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. न्यू मेक्सिकोच्या वैराण भागात तिच्याजवळच्या ट्यूब संपल्या. तिने ब्लँकेट कापून त्याची गुंडाळी टायरमध्ये कोंबली आणि गाडी पुढे काढली. त्याच काळात मोटारवाले हवा भरलेले जादा चाक बरोबर नेऊ लागले. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये तसे चाक विकायला काढले. आपण मराठीत रोज वापरतो तो ‘स्टेपनी’ हा शब्द त्या रस्त्याचा.

ताशी ३५ मैल

टायर टिकवण्याचा सर्वांत मोठा सामूहिक प्रयोग १९४२ मध्ये झाला. जपानने मलाया आणि सिंगापूर घेतले आणि अमेरिकेला मिळणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी सुमारे नव्वद टक्के पुरवठा तुटला. सरकारने देशभर ताशी ३५ मैलांची, म्हणजे जेमतेम ५६ किलोमीटरांची वेगमर्यादा घातली. पेट्रोलचे रेशनिंग देशभर लागू केले, तेही मुख्यतः टायर वाचावेत म्हणून. गाड्या कमी आणि हळू धावल्या तरच असलेले टायर युद्ध संपेपर्यंत पुरतील, असा तो हिशोब होता. शालामाखचे संशोधन त्यानंतरचे; पण त्यातला व्यवहार सरकारी तज्ज्ञांनी आधीच ओळखला होता.

दुसरीकडे ब्युटाडाइन आणि स्टायरिन यांपासून कृत्रिम रबर बनवण्याचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. मूळ विद्या जर्मनांची. त्यांनी ऑश्विट्झजवळ मोनोविट्झ येथे कृत्रिम रबराचा प्रचंड कारखाना कैद्यांच्या श्रमातून बांधायला घेतला. हजारो कैदी त्यात मेले. रबर मात्र तिथे कधीच बनले नाही. युद्धानंतर कृत्रिम रबर टायरचा कायमचा घटक झाले. त्यामुळे कारखानदाराला पकड आणि टिकाऊपणा यांचे प्रमाण हवे तसे जुळवता येऊ लागले.

आपल्याकडचा टायर

भारतात डनलॉपने १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला. १९४० च्या सुमारास मुंबईत शिवडीला फायरस्टोनचे टायर बनू लागले. इटलीतील तुरिन शहरात जन्मलेल्या सीएटने १९५८ मध्ये मुंबईत कंपनी स्थापली. भांडुपचा कारखाना तिचा. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला फुगे बनवणाऱ्या एमआरएफने १९६० च्या दशकाच्या आरंभी टायर बनवायला घेतले. बुलेटही त्याच तिरुवोट्टियूरची, ही गंमतच.

टंचाईच्या त्या काळात टायर टिकवण्याची घरगुती पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. जुन्या बुलेटची दोन्ही चाके ३.२५–१९ मापाची, बजाज स्कूटरची दोन्ही ३.५०–१० ची आणि स्टेपनीही तीच. मागचा टायर निम्मा झिजला की तो पुढे, पुढचा मागे, स्टेपनी फिरती. गोटा झालेला टायर टाकून न देता त्यावर नवे रबर चढवून घेत. एकाच मापाच्या चाकांमुळे झीज वाटून घेता येई. पुढे मागचा टायर रुंद आणि पुढचा अरुंद झाला. गाडी वेगवान झाली, वळणावर स्थिर झाली, पण ही सोय गेली. मागचा टायर एकटा झिजू लागला.

रेडियल आणि दोन प्रकारचे रबर

मिशलँने १९४६ मध्ये पेटंट घेऊन १९४९ मध्ये मोटारीसाठी रेडियल टायर विक्रीला आणला. जुन्या क्रॉस-प्लाय टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात आणि चालताना एकमेकांवर घासून तापतात. रेडियलमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि वरून पट्टा असतो. बाजू लवचिक, तळ स्थिर. म्हणून झीज कमी. अमेरिकी कारखानदारांनी हा टायर अंगीकारायला सत्तरीचे दशक उजाडू दिले. त्यांची यंत्रे जुनी होती, शिवाय जास्त टिकणारा टायर म्हणजे कमी विक्री. १९८० च्या दशकापर्यंत ॲक्रनमधील मोटारींच्या टायरचे कारखाने बंद पडत गेले. त्या वेळी टिकाऊपणाची किंमत तिथल्या कामगारांनी मोजली.

मोटारसायकलवर रेडियल यायला १९८० चे दशक उजाडले. कारण उघड आहे. मोटारीचा टायर सपाट चालतो, मोटारसायकल कलते. गोल माथ्याच्या टायरची बाजू फार लवचिक झाली तर वळणावर गाडी डोलू लागते. होंडाच्या गोल्डविंगसारख्या अवजड टूरिंग गाडीला रेडियल मिळाला तो २००१ च्या नव्या आवृत्तीत. आपल्याकडील मध्यम वजनाच्या अनेक गाड्या आजही क्रॉस-प्लायवर धावतात आणि त्यात कमीपणा नाही. त्या गाडीचे वजन व वेग त्याच रचनेसाठी आखलेले असतात.

यानंतर आलेल्या दोन सुधारणा टूरिंगवाल्याच्या दृष्टीने मोलाच्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशलँने काजळीची जागा बऱ्याच अंशी सिलिकाने घेतलेला टायर आणला. त्यामुळे इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड एकत्र साधली. दुसरी सुधारणा दोन प्रकारच्या रबरांची. मधला पट्टा कडक, कारण सरळ रस्त्यावर तोच झिजतो. दोन्ही कडा मऊ, कारण वळणावर जीव त्यांच्या हवाली असतो. पकड की आयुष्य, या जुन्या पेचाला मिळालेले हे सर्वांत समंजस उत्तर म्हणावे लागेल.

उलट टोकाची तऱ्हाही आहे. अमेरिकेतील काही गोल्डविंगवाले मागे चक्क मोटारीचा टायर चढवतात, कारण तो कितीतरी जास्त टिकतो. त्याचा माथा सपाट असतो. गाडी कलली की तो काठावर उभा राहतो. टायरच्या आणि गाड्यांच्या कंपन्या त्याविरुद्ध बजावतात आणि मला ते पटते.

मग निवडावा कोणता?

मोटारीच्या टायरवर अमेरिकेत झिजेचा अंक छापावा लागतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर ७,२०० मैल गाड्या चालवून तो काढला जातो. मोटारसायकलच्या टायरला ही सक्ती नाही. म्हणजे ज्या आकड्यावर आपली सारी चर्चा चालते, तो आपल्या टायरवर छापलेलाच नसतो. दुसऱ्याला मिळालेले किलोमीटर हे त्याच्या वजनाचे, वेगाचे आणि रस्त्याचे असतात.

म्हणून माझा क्रम असा आहे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप, रचना आणि भारक्षमता आधी. रेडियलच्या जागी क्रॉस-प्लाय किंवा उलट, हा प्रयोग नाही. दोन रबरांचा टूरिंग टायर त्या मापात मिळत असेल तर तोच. बाजूवरचा चार अंकी शिक्का वाचायचा: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात पडून जुना झालेला टायर दिसायला नवा असतो, पण रबर कडक झालेले असते. हवा टायर थंड असताना तपासायची; सामान आणि मागचा माणूस असेल तर पुस्तिकेतील जास्तीचा दाब. कमी हवेचा टायर तापतो आणि लवकर झिजतो.

आणि टिकाऊपणाच्या मोहात पावसाळा विसरायचा नाही. कायद्याने दुचाकीच्या टायरला किमान ०.८ मिलिमीटर नक्षी पुरते. वरंधा किंवा आंबोली घाटात जुलैच्या पावसात तेवढ्या नक्षीवर मी गाडी घालणार नाही. हजारभर किलोमीटर शिल्लक असलेला टायर जूनआधी उतरवला, तर तेवढे किलोमीटर बुडाले असे मी मानत नाही.

शेवटी, झिजलेले रबर जाते कुठे? ते रस्त्याच्या कडेला, नाल्यात, नदीत जाते. टायर तडकू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात. हवेतील ओझोनशी संयोग होऊन त्याचे जे रूप बनते ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांत परतणाऱ्या कोहो सामन माशांना मारते, असे २०२० मध्ये सिद्ध झाले. ते मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत होते आणि कित्येक वर्षे त्याचे कारण सापडत नव्हते. टायर जास्त टिकवणाऱ्या द्रव्याचीच ती किंमत.

आपल्या हाती जे आहे ते थोडे आहे, पण त्याला किंमत कुणालाच द्यावी लागत नाही. १९४२ मध्ये अमेरिकेने जे सक्तीने केले, ते आपण खुशीने करू शकतो. ताशी ११० ऐवजी ८० ने गेले तर लेहला एखादा दिवस उशिरा पोहोचू. मागचा टायर मात्र परतीच्या वाटेवरही साथ देईल. इतक्या वाचनानंतर टायरचे आयुष्य वाढवणारा, पकड न घालवणारा आणि कुणाचे नुकसान न करणारा एवढा एकच उपाय मला सापडला.